उवांवरचं पर्मेथ्रिन १% लोशन, चार महिन्यांनंतर: औषध चांगलं, खोक्यातली फणी कुचकामी

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून तीन डोक्यांवर वापरून झालं. आधी फणीबद्दल, कारण पैसे तिथेच वाया जातात. खोक्यातली फणी प्लास्टिकची, दात आखूड. दाट केसांत ते फाकतात. लीख रुंदीला जेमतेम ०.३ मिमी, त्यामुळे दातांतली फट त्याहून मोठी झाली की ती खुशाल मागे राहते. आणि लिखा मागे राहून चालतच नाही! हे औषध उवा मारतं, सगळ्या लिखा मारत नाही. उरलेल्या सात ते नऊ दिवसांत फुटतात. मेलेली लीखसुद्धा केसाला चिकटून राहते, धुतल्याने सुटत नाही.

ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारातून लांब, ताठ दातांची स्टीलची फणी घ्या. टोकं बोटावर फिरवून बघा, टोचली तर डोकं सोलवटेल.

पहिल्या खेपेला उवा मेल्या नाहीत म्हणून औषधाला दिलेला दोष मात्र मागे घ्यायला हवा. चूक धुण्यात होती. तेल पूर्ण निघालं नव्हतं, वर कंडिशनर लावला होता. कंडिशनरचा थर असला की औषध केसाला धरत नाही. नुसत्या शाम्पूने धुवून केस टॉवेलने टिपायचे, पाणी निथळत असेल तर औषध पातळ होतं. कानामागे आणि मानेवर आधी, मग मुळापासून टोकापर्यंत. घड्याळ लावून दहा मिनिटं, मग बेसिनवर वाकून साध्या पाण्याने धुवायचं. पुढचे दोन दिवस शाम्पू नाही. नवव्या दिवशी पुन्हा हेच, म्हणून लांब केसांसाठी दोन बाटल्यांचा खर्च धरा.

विंचरायला घाई नको. बोटभर रुंदीच्या बटा घ्यायच्या, फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत ओढायची, दर वेळी पांढऱ्या कागदावर पुसायची. दोन-तीन दिवसांआड, तीन आठवडे. टाळूपासून ६ मिमीहून लांब दिसणाऱ्या लिखा बहुधा रिकाम्या असतात, त्यांच्यासाठी तिसरी बाटली आणू नका.

गाद्यांवर फवारणी करणं म्हणजे पैसे पाण्यात. डोक्यावरून पडलेली ऊ दोन दिवसांत मरते, अभ्रे आणि टॉवेल कडक गरम पाण्यात धुतले की झालं. रॉकेल तर कुणी सांगितलं तरी लावू नका, टाळू भाजते आणि पेट घेण्याचा धोका असतो.

लावल्यावर आठ-बारा तासांनी उवा मंदावलेल्या दिसल्या तर औषध लागलंय, लगेच पुन्हा लावायचं नाही. पूर्वीसारख्याच चपळ पळत असतील तर त्या या औषधाला दाद देत नसाव्यात. मग दुसरं औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या.