‘द मॅन फ्रॉम स्नोई रिव्हर २’: काही महिने घरात राहिल्यावर

मेलबर्नमधल्या बऱ्याच घरांसारखा आमच्याकडेही ऑप शॉपमधून (दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या धर्मादाय दुकानातून) आणलेल्या जुन्या डीव्हीडींचा एक खोका आहे. त्यातल्या बहुतेक एकदा बघून परत दान होतात. ‘स्नोई रिव्हर’चा हा दुसरा भाग मात्र हिवाळ्याच्या तोंडावर आला, तो अजून टीव्हीखालीच आहे. पाहुणे आले की निघतो, पाऊस लागला की निघतो, पोरीचा घोडेस्वारीचा क्लास बुडाला की हमखास निघतो. इतक्या जणांनी इतक्या वेळा बघितलाय की आता मत द्यायला हरकत नाही.

आधी निकाल सांगते, खटला नंतर. प्रेमकथा म्हणून दहापैकी पाच. घोड्यांचा सिनेमा म्हणून नऊ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिला भाग १९८२ चा, बॅन्जो पॅटरसन यांच्या १८९० सालच्या कवितेवर बेतलेला. ही कविता इथे शाळेपासून कानावर पडते आणि कवी तर दहा डॉलरच्या नोटेवरच आहे. कवितेत गोष्ट एवढीच: एक किमती तरणा घोडा पळून रानटी घोड्यांत मिसळतो, त्याला आणायला गावोगावचे स्वार निघतात, आणि ज्या कड्याशी सगळे लगाम खेचतात तिथून एक किरकोळ अंगाचा डोंगरी पोरगा बेधडक घोडा खाली घालतो. जमीनदार हॅरिसनचं नाव कवितेत आहे, पण त्याची मुलगी जेसिका सिनेमावाल्यांची. म्हणजे प्रेमकथा मुळात वरून जोडलेली. दुसऱ्या भागात तो जोड जास्त दिसतो.

दुसरा भाग १९८८ चा. पहिल्याचे दिग्दर्शक जॉर्ज मिलर (मॅड मॅक्सवाले नव्हेत, ते याच नावाचे दुसरे, आणि तेही ऑस्ट्रेलियाचेच) या खेपेला नाहीत. पहिल्याचे निर्माते जेफ बरोज स्वतःच दिग्दर्शनाला उभे राहिले. अमेरिकेत डिस्नीने तो ‘रिटर्न टू स्नोई रिव्हर’ म्हणून लावला, इंग्लंडात त्याचं नाव ‘द अनटेम्ड’. विकत घेताना पाठीमागचं साल बघून घ्या. आमच्या ओळखीतल्या एका हौशी गृहस्थांनी दोन नावांचे दोन सिनेमे समजून दोन्ही मागवले आणि मग पहिल्या पाच मिनिटांतच बायकोच्या शिव्या खाल्ल्या.

गोष्ट साधी आहे. जिम क्रेग (टॉम बर्लिन्सन) काही वर्षं बाहेर राहून, स्वतःचा घोड्यांचा कळप जमवून डोंगरात परततो. जेसिका (सिग्रिड थॉर्न्टन) अजून त्याचीच आहे. बाप हॅरिसन अजून विरोधातच आहे. मध्ये आलाय सावकाराचा, म्हणजे बँकवाल्याचा, मुलगा अ‍ॅलिस्टर पॅटन. पैसेवाला, चांगल्या कपड्यातला, नंबर एकचा हरामखोर. तो जिमचे घोडे पळवतो आणि पुढचा सगळा सिनेमा घोड्यांच्या पाठीवर.

सासूबाई तीन महिने आमच्याकडे होत्या. त्यांनी पहिल्या अर्ध्या तासातच प्रेमकथेचा निकाल लावला. “मुलगी ठाम आहे, मुलगा परत आलाय, मग अडलंय कुठे?” खरंच कुठेच अडलेलं नाही. पहिल्या भागात दोघांमध्ये काहीतरी घडत होतं. ती चिडून घोड्यावरून निघून जाते, वादळात कड्यावरून पडते, तो तिला शोधून आणतो, आणि या सगळ्यात दोघांना एकमेकांचा अंदाज येतो. दुसऱ्या भागात तिचा निर्णय झालेला, त्याचाही झालेला. उरतो फक्त बापाचा होकार. त्यामुळे जेसिकाला करायला काम कमी. थॉर्न्टन पडद्यावर आली की बघावंसं वाटतं, घोड्यावर ती छान दिसते, बापाशी भांडणाच्या प्रसंगात तर डोळ्यांनी निम्मं बोलते. पण पटकथा तिला वाट बघण्यापलीकडे फारसं देत नाही. माझी यावर तक्रार पहिल्या वेळी होती तितकीच आजही आहे.

पॅटन हा दुसरा अशक्त दुवा. निकोलस ईडीने तो मनापासून केलाय, पण त्या माणसात एकही बरी गोष्ट ठेवलेली नाही. जेसिकाला क्षणभर तरी त्याच्याविषयी विचार करावासा वाटेल असं काही असतं, तर त्रिकोण झाला असता. इथे सरळ रेघ आहे.

आता हॅरिसन. आमच्या घरात यावरून दोन तट पडलेत. पहिल्या भागात ही भूमिका कर्क डग्लस यांची होती, आणि हॅरिसनचा एक पाय गमावलेला भाऊ स्पर, तोही त्यांनीच केला होता. दुसऱ्या भागात डग्लस नाहीत, स्पर नाही, आणि हॅरिसन म्हणून आलेत ब्रायन डेनेही. आपल्याकडच्या लोकांना हा चेहरा रॅम्बोच्या पहिल्या सिनेमातला शेरीफ म्हणून ओळखीचा, तोही १९८२ चाच. नवऱ्याचं म्हणणं, बाप बदलला तिथेच सिनेमा हातातून गेला. डग्लस आले की खोलीतली हवा बदलायची, डेनेही आले की नुसती खुर्ची भरते. मला उलट वाटतं. डग्लस सतत डग्लसच असतात, जबडा आवळून. डेनेहींचा हॅरिसन हट्टी आहे, कर्ज काढायला निघालेला आहे, आणि मुलीसमोर हरतोय हे त्याला कळतंय. शेवटी तो नरमतो ते त्यामुळे पटतं. गंमत म्हणजे ज्यांनी पहिला भाग बघितलेलाच नाही, त्यांच्यापैकी एकालाही डेनेही खटकले नाहीत. तेव्हा दोन्ही भाग लागोपाठ एका रात्रीत बघू नका, एवढाच माझा सल्ला.

सासूबाईंनी एक गोष्ट मात्र माझ्याआधी हेरली. त्या इतिहास वाचणाऱ्या, साताऱ्याच्या. म्हणाल्या, “मागच्या खेपेला हा हॅरिसनचा बारगीर होता, आता शिलेदार होऊन आलाय. म्हणून म्हाताऱ्याला झोंबतंय.” बारगीर म्हणजे धन्याच्या घोड्यावर बसणारा स्वार, शिलेदार स्वतःच्या घोड्यावर. दुसऱ्या भागाचा कणा खरं तर हाच आहे. पहिल्यात जिम दुसऱ्याच्या पागेत राबणारा पोरगा, इथे घोडी त्याची स्वतःची. पॅटन घोडे पळवतो तेव्हा तो प्रेमातला प्रतिस्पर्धी म्हणून ते करत नाही; जिमची ऐपतच काढून घेतो. तिथून सिनेमा जिवंत होतो.

“पण एवढे घोडे घ्यायचं कोण?” हाही त्यांचाच प्रश्न. एकोणिसाव्या शतकात न्यू साउथ वेल्समधून निघणारे ‘वेलर’ घोडे जहाजाने कलकत्ता, मद्रास आणि मुंबईला उतरायचे आणि ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातल्या घोडदळात आणि तोफखान्यात जायचे. म्हणजे जिमसारख्या कुणीतरी वळवलेल्या घोड्यावर बसून कुणी गोरा साहेब पुण्याच्या छावणीत फिरला असणं अगदी शक्य. हे ऐकल्यावर त्यांचा सिनेमातला रस दुप्पट झाला.

घोड्यांकडे येते. मुलगी पोनी क्लबला जाते, त्यामुळे आमच्याकडे सिनेमा सरळ चालतच नाही, थांबवून थांबवून चालतो. ती जिमचे हात बघते. उतारावर त्याचं अंग मागे जातं, पाय पुढे येतात, लगाम लांब सुटलेला, घोड्याचं डोकं मोकळं. नवशिका असता तर लगाम खेचून धरला असता आणि घोडा तोंडावर आपटला असता. तिच्या ताईंनी (म्हणजे क्लबातल्या शिकवणाऱ्या) हीच गोष्ट तिला वर्षभर सांगितली, पटली ती इथे. बर्लिन्सन या भूमिकेसाठी घोडेस्वारी शिकला आणि पहिल्या भागातला तो प्रसिद्ध उतार तो स्वतः उतरला, हे लक्षात ठेवून बघा. कॅमेरा चेहऱ्यापासून खोगिरापर्यंत एका चौकटीत येतो तेव्हा मांड कुणाची आहे ते लपत नाही. संगणकावर काढलेला एकही घोडा नाही. आजच्या सिनेमात शंभर घोडे धावतात आणि धुरळा बसल्यावर त्यांतल्या एकाचाही घाम दिसत नाही. इथे दिसतो.

चाबकाकडेही लक्ष द्या. इथला स्टॉकव्हिप जनावराला मारायला नसतो, आवाजाने वळवायला असतो. टोक ध्वनीपेक्षा वेगाने जातं म्हणून तो बंदुकीसारखा फुटतो. सिनेमात स्वार दौडत असताना डोक्यावरून तो फोडतात आणि कळप वळतो. आमच्या अंगणात दोरीने झालेले प्रयोग इथे लिहीत नाही. कुंड्या होत्या.

लहान मुलांच्या आईबापांनी एक गोष्ट आधीच माहीत करून घ्यावी. पाठलागात पॅटन जिमच्या घोड्यावर गोळी झाडतो आणि घोडा जातो. मुलगी तो प्रसंग आजही बघत नाही, त्या वेळी स्वयंपाकघरात पाणी प्यायला जाते. पण त्यामुळेच पुढचा भाग उभा राहतो: पायउतार झालेला जिम, आणि तो रानटी नर घोडा, ज्याच्या मागे सगळा डोंगर लागला होता. जिम त्याला वश करतो आणि त्याच्यावर बसून घोडे परत आणायला निघतो. क्लबातल्या ताई यावर हसल्या. रानटी घोडा माणसाला अंगाला हात लावू देईपर्यंतच कित्येक दिवस जातात, खोगीर तर लांबची गोष्ट. सिनेमाने ते काही मिनिटांत उरकलंय. तरी तो तुकडा मी कितीही वेळा बघू शकते. संवाद जवळजवळ नाहीत, माणूस आणि घोडा एकमेकांना दमवतात. सिनेमात प्रणय शोधायचाच असेल तर तो इथे आहे, जेसिकाच्या अंगणात नाही. आणि शेवटी जिम त्या घोड्याला परत मोकळा सोडतो, तेव्हा नवराही फोन खाली ठेवतो.

सगळ्यांनाच हे गोड वाटत नाही. ऑफिसातली एक सहकारी वनस्पतिशास्त्र शिकलेली. तिने आमच्याकडे जेवायला आली असताना अर्धा सिनेमा बघितला आणि रानटी घोडे, म्हणजे इथले ब्रम्बी, ओढ्यातून धावताना बघून कपाळाला हात लावला. डोंगरमाथ्यावरच्या दलदली, तिथलं शेवाळ, त्यावर जगणारे बेडूक, हे सगळं खुरांखाली तुडवलं जातं. न्यू साउथ वेल्स सरकारने २०१८ मध्ये कोशियुस्को उद्यानातल्या या घोड्यांना वारसा म्हणून कायद्याचं संरक्षण दिलं, आणि २०२३ मध्ये हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून त्यांची संख्या कमी करायला परवानगीही दिली. इकडे व्हिक्टोरियात डोंगरावरच्या राष्ट्रीय उद्यानात गुरं चारणं २००५ पासून बंद आहे, म्हणजे या सिनेमातल्या स्वारांचा धंदाच तिथून उठला. तिचं म्हणणं मला पटतं. सिनेमाही आवडतो. दोन्ही एका जेवणात बसलं.

जागा बघायला जायचं असेल तर स्नोई नदीकडे जाऊ नका. चित्रीकरण मॅन्सफील्डच्या बाजूच्या डोंगरांत झालंय, मेलबर्नपासून साधारण १८० किलोमीटर. पहिल्या भागासाठी माउंट स्टर्लिंगवर बांधलेली जिमची झोपडी, क्रेग्ज हट, २००६ च्या वणव्यात जळाली आणि नंतर पुन्हा उभारली. उन्हाळ्यात जा. हिवाळ्यात बर्फामुळे वरचे रस्ते बंद असतात.

संगीत ब्रूस रोलंड यांचं, दोन्ही भागांत. सिडनी ऑलिंपिकच्या २००० सालच्या उद्घाटनाला एकटा स्वार मैदानात येऊन चाबूक फोडतो आणि मागून १२० घोडेस्वार येतात, तेव्हाही हेच सूर होते. दुसऱ्या भागात ते जरा जास्तच वेळा वाजतात. प्रेमप्रसंगात पियानो सुरू झाला की मुलगी “आता पुढे घे” म्हणते.

डिस्कबद्दल: आमच्या प्रतीत सबटायटल नाहीत आणि डोंगरातले उच्चार जड आहेत, तेव्हा घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर शेजारी बसून थोडं सांगावं लागतं. रात्रीचे प्रसंग फारच काळे आलेत, पडदे लावून बघा. टापांचा आवाज मात्र उत्तम आहे. साधारण स्पीकरवरही खालून येतो. एका बैठकीत बघायचा नसेल तर घोडे चोरीला जातात तिथून लावला तरी चालतो. आम्ही आता तिथूनच लावतो.