दहा महिन्यांच्या वापरानंतर : गच्चीवरचा हवामान उपग्रह रिसीव्हर

मार्च २०२५ मध्ये मी आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) घेतला, तो नाशिकमधल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवरून नोआ-१५, १८ आणि १९ या अमेरिकेच्या ध्रुवीय हवामान उपग्रहांची छायाचित्रे थेट टिपण्यासाठी. डोंगल आजही बिनतक्रार चालतो, उपग्रह मात्र राहिले नाहीत : नोआ-१८ जूनमध्ये आणि उरलेले दोघे ऑगस्टमध्ये सेवेतून काढण्यात आले. १९९८ साली सोडलेला नोआ-१५ सत्तावीस वर्षे टिकला, त्यामुळे तक्रार तरी कशी करावी!

तेव्हापासून भिस्त रशियाच्या मेटिओर-एम २-३ आणि २-४ यांच्यावर आहे. त्यांचे एलआरपीटी हे डिजिटल चित्रप्रसारण १३७.९ मेगाहर्ट्‌झवर मिळते आणि सॅटडम्प हे मोफत सॉफ्टवेअर त्याचे चित्र बनवते. नोआच्या जुन्या एपीटी (ॲनालॉग प्रसारणाच्या) चित्रात एक ठिपका सुमारे चार किलोमीटरचा असे, इथे तो एकाचा आहे. पैठणचा नाथसागर स्वच्छ ओळखू येतो, आपले गंगापूर धरण मात्र मोजक्या ठिपक्यांत आटोपते. एपीटीचा संकेत क्षीण झाला की चित्रात नुसती खरखर दिसे, तर डिजिटल एलआरपीटीत तेवढा पट्टा सरळ काळा पडतो.

अँटेना मी घरीच केली : प्रत्येकी ५३ सेंटिमीटरच्या दोन ॲल्युमिनियमच्या कांड्या, १२० अंशांच्या कोनात, आडव्या. सकाळची चित्रे सतत तुटत होती आणि मी महिनाभर केबलला दोष देत राहिलो. खरा गोंधळ गच्चीवरच्या सोलर इन्व्हर्टरच्या रेडिओ खरखरीचा होता, कारण रात्री तो बंद असताना सारे सुरळीत असे. अँटेना दुसऱ्या टोकाला हलवली आणि प्रश्न बराचसा सुटला.

दिंडोरीत द्राक्षबाग असलेले माझे मेहुणे अवकाळीच्या दिवसांत विचारतात, “फवारणी करू का?” त्यासाठी हे साधन उपयोगाचे नाही. एलआरपीटीतून एमएसयू-एमआर या उपकरणाच्या सहापैकी तीनच वाहिन्या येतात आणि त्यांत ढगांचे माथे दिसतात, पोटातला पाऊस नव्हे. ढगांच्या आरपार पाहणाऱ्या सूक्ष्मलहरी उपकरणाची माहिती १.७ गिगाहर्ट्‌झच्या प्रसारणात असते आणि ती घ्यायला उपग्रहामागे फिरणारी डिश लागते. शिवाय सुमारे ८२० किलोमीटरवरून जाणारा उपग्रह एका फेरीत जेमतेम पंधरा मिनिटे टप्प्यात राहतो, आणि सकाळ व रात्र यांच्यामध्ये मोठी पोकळी उरते. म्हणून मेहुण्यांना मी ३६,००० किलोमीटरवरच्या इन्सॅटचीच दर अर्ध्या तासाची चित्रे पाठवतो.