मुंबईत राहून एफसी गोवा: समर्थक गटाच्या सभासदत्वाचा एका हंगामानंतरचा अनुभव

२०२४-२५ चा आयएसएल (इंडियन सुपर लीग) हंगाम सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत एफसी गोवा या फुटबॉल क्लबच्या मुंबईतल्या समर्थक गटाबरोबर पाहिला, म्हणून आता खात्रीनं लिहितोय. वर्गणी वर्षाला ५०० रुपये. तेवढ्यात मुंबईत एकत्र सामने पाहणं, अंधेरीला मुंबई सिटी क्लबविरुद्धच्या सामन्यात एकत्र बसणं आणि फातोर्ड्याला, म्हणजे मडगावातल्या गोव्याच्या घरच्या मैदानावर, जायची आखणी मिळते. सामन्याचं तिकीट, रेल्वे, जेवणखाण ज्याचं त्यानं.

पैसे खऱ्या अर्थानं वसूल होतात ते फातोर्ड्याच्या फेरीत. जाणं सोपं आहे. कोकणकन्या एक्सप्रेस रात्री अकरानंतर सीएसएमटीहून सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत मडगावला पोचवते. स्टेडियम तिथून रिक्षानं पंधरा मिनिटं. घोळ होतो परतीचा. साडेसातचा सामना संपायला नऊ-वीस होतात, आणि परतीची कोकणकन्या तर सामन्याची शिट्टी वाजायच्या आधीच मडगावहून निघालेली असते. पाचचा सामना असला तरी त्या गाडीच्या भरवशावर राहू नये, धावाधाव करूनही ती हुकते. म्हणून गट सरळ दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊची मांडवी एक्सप्रेस धरतो, ती रात्री पावणेदहाच्या सुमारास मुंबईत आणते. म्हणजे एक मुक्काम धरायचाच. शनिवारचा सामना असेल तर रजा लागत नाही, मधल्या वारी असेल तर दोन दिवस जातात. ज्यांचं गोव्यात घर आहे असे सभासद दोघाचौघांना झोपायला जागा देतात, पण ते आधी नाव कळवलं तरच.

तिकीट काढायची पद्धत शिकण्यासारखी आहे. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. त्यात आयएसएलचं त्या हंगामाचं वेळापत्रक सुरुवातीला फक्त डिसेंबरअखेरपर्यंतचं आलं होतं, पुढच्या तारखा नंतर कळल्या. म्हणून तारीख जाहीर झाली की त्याच दिवशी नावं घेतली जातात आणि सहा-सहा जणांची एकेक पीएनआर, म्हणजे एकत्र तिकीट, काढली जाते. ठाणे किंवा पनवेलला चढणाऱ्यांचंही तिकीट सीएसएमटीपासूनच काढतात, कारण गाडी जिथून सुटते तिथल्या कोट्यात जागा जास्त असतात. मात्र चढण्याचं स्टेशन वेळेत बदलून घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर टीसी बर्थ रिकामा समजून प्रतीक्षायादीतल्या माणसाला देतो, आणि पनवेलला चढलेला आपला गडी दाराशी उभा. तत्काळवर विसंबू नये. एका तिकिटावर चारच नावं बसतात आणि पक्कं झालेलं तत्काळ रद्द केलं तर दमडी परत मिळत नाही.

हिशेब हा मात्र गटाचा कच्चा दुवा. सगळ्यांचे पैसे एकाच्याच यूपीआयवर जमा होतात. सामन्याची तारीख हलली आणि तिकिटं रद्द करावी लागली, तेव्हा परतावा दोन-तीन दिवसांत खात्यावर आला, पण सभासदांना वाटला गेला दीड महिन्यानं. एक साधी सामायिक हिशेबवही ठेवली असती तर कुणाला विचारावं लागलं नसतं. पुढच्या हंगामाआधी हे सुधारायलाच हवं.

अंधेरीच्या सामन्याला आझाद नगर मेट्रो सोयीची. स्टेडियम लहान आहे, सात हजारांच्या घरात, त्यामुळे तिकीट गटामार्फत एका ब्लॉकचंच घ्यावं. स्वतंत्रपणे यजमानांच्या स्टँडमध्ये काढून भगव्या-केशरी जर्सीत बसलात तर उठवून दुसरीकडे पाठवतात. पाण्याची बाटली, पॉवर बँक, नाणी, हेल्मेट यातलं काहीही दारातून आत जात नाही. दुचाकीवाल्यांनी हेल्मेटची सोय आधीच करून ठेवावी.

झेंड्याला काठी चालत नाही, प्लास्टिकचा पाइपसुद्धा नाही. म्हणून गटाचा मोठा झेंडा, १२ बाय ६ फुटांचा, दोरीनं बांधायचा आहे: कडेला दर दोन फुटांवर कापडी फास शिवलेले आहेत. पहिल्या झेंड्यावर अक्षरं ऑइल पेंटनं रंगवली होती. घडी घालून ठेवली तर मुंबईच्या दमट हवेत रंग एकमेकांना चिकटला, उलगडताना पोपडे निघाले. दुसऱ्यावर पांढऱ्या कापडाची अक्षरं कापून झिगझॅग टाक्यानं शिवली, ती हंगामभर जशीच्या तशी राहिली. नवा झेंडा करणाऱ्या कुणालाही हेच सांगेन.

मुंबईतलं एकत्र सामने पाहणं ठीकठाक. हॉलमध्ये प्रोजेक्टर आहे, लॅनची वायर ओढलेली आहे. ज्याच्या स्ट्रीमिंग अ‍ॅपच्या खात्यावरून दाखवायचं त्याचा प्लॅन फक्त मोबाइलपुरता असेल तर पडद्यावर काही येत नाही, हे दोनदा ऐन वेळी लक्षात आलं. इंटरनेटवरचं प्रक्षेपण डिशपेक्षा बरंच मागे चालतं, म्हणून फोनवरच्या सूचना बंद ठेवायच्या असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. २४ एप्रिल २०२४ च्या उपांत्य सामन्यात नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-० नं पुढे असलेला गोवा त्याच फातोर्ड्यावर मुंबईकडून २-३ हरला. अशा वेळी शेजारच्याच्या खिशातून गोल कळणं फार वाईट.

घुमट, म्हणजे मातीच्या भांड्याला कातडं लावलेलं गोव्याचं तालवाद्य, फक्त हॉलमध्ये वाजतं. मातीचं भांडं स्टेडियममध्ये सोडत नाहीत, आणि ते गर्दीत फुटायलाही वेळ लागत नाही. घोरपडीच्या कातड्यावर बंदी असल्यानं आता बकऱ्याचं कातडं लावतात. ते ओल्या हवेत सैल पडतं, आवाज बद्द येतो. सामन्याआधी अर्धा तास दिव्याजवळ धरलं की पुन्हा ताणलं जातं. गाणी कोंकणीत असतात, त्यांचे शब्द देवनागरी आणि रोमी (रोमन) अशा दोन्ही लिप्यांत छापून वाटतात. मुंबईत वाढलेल्या पोरांना यामुळे पहिल्याच दिवशी सूर धरता येतो. धोबी तलावच्या कुडींत, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडांत, गावाकडची माणसं जहाजाची वाट बघत एकत्र राहायची, त्यांच्या नातवंडांना आज गोव्याशी जोडून ठेवायला हा कागद खूप काम करतो, असं मला मनापासून वाटतं.

फक्त पडद्यावर सामने पाहायचे असतील तर घरचा टीव्ही पुरेसा आहे. हंगामात एकदा तरी फातोर्ड्याला जाणार असाल तर सभासद व्हा, आणि वेळापत्रक येण्याआधीच नाव नोंदवा. पहिल्या सहाच्या पीएनआरमध्ये जागा त्यांनाच मिळते.