द्रव्य आणि प्रदूषण: मुलांच्या पुस्तकांचा सेट, एक भारी, एक कामचलाऊ

लेकीसाठी विज्ञानाच्या दोन पुस्तकांचा सेट घेतला, एक द्रव्यावर, दुसरं प्रदूषणावर, वयोगट ८ ते १०. पहिलं मस्त जमलंय. स्थायू-द्रव-वायूच्या व्याख्या घोकायला न लावता सरळ ग्लास हातात देतात. तळाशी कागदाचा बोळा घट्ट बसवायचा, ग्लास उपडा करून सरळ पाण्यात दाबायचा, बाहेर काढला की बोळा कोरडा! आमच्या बाईसाहेबांनी सहा वेळा केलं, सातव्यांदा मुद्दाम तिरका धरला, बुडबुडे आले, बोळा भिजला आणि "आई, हवा पळाली बघ!" वायू जागा व्यापतो हे मला वेगळं सांगावंच लागलं नाही.

एक चूक मात्र खटकली. किटलीच्या तोंडाशी दिसणाऱ्या पांढऱ्या ढगाला बाण काढून "वायू" लिहिलंय. अहो ते पाण्याचे बारीक थेंब, म्हणजे द्रवच की! खरी वाफ दिसत नाही, ती तोंड आणि ढगाच्या मधल्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत असते. पेनाने दुरुस्त केलं.

दुसऱ्या पुस्तकात रडणारी पृथ्वी, काळी धुराडी, झाडे लावा, झालं. धूर म्हणजे काय तर "घाण हवा". अरे काजळीचे कण आणि वायू मिसळलेत असं सांगा ना, पहिल्याच पुस्तकात कण शिकवलेत, पोरांना झेपतं. पीएम २.५ नुसतं नाव टाकून दिलंय. म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण, केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड धरला तर त्याच्या रुंदीत असे २८ तरी मावतील. हे सांगितल्यावर तिने स्वतःचाच एक केस उपटून उजेडात धरला 😄

आणि ओझोनला भोक पडलं म्हणून पृथ्वी तापते असं छापलंय, हे तर चूकच. ओझोनचा थर विरळ झाला तो मुख्यतः सीएफसीसारख्या (जुन्या फ्रिज-स्प्रेमधल्या) वायूंमुळे, तापमानवाढीचा मोठा वाटा कार्बन डायऑक्साइडचा. असे वायू बंद करण्यासाठी देशांनी केलेल्या १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोनचा थर हळूहळू सावरतोय, ही चांगली बातमी कुठेच नाही.

सगळ्यात वाईट वाक्य म्हणजे "कचरा जाळला की नष्ट होतो". पहिलं पुस्तक सांगतं द्रव्य नाहीसं होत नाही आणि दुसरं हे, एकाच सेटमध्ये! संपादकाने दोन्ही पुस्तकं एकत्र वाचली नसणार.

पहिलं डोळे झाकून घ्या. दुसरं घेतलंच तर शेजारी बसून वाचा, पेन घेऊन. आमच्या प्रतीत "नष्ट" वर काट मारून पेन्सिलीने लिहिलंय, "नाही, हवेत गेला".