रीलोडिंग प्रेसचं टेबल: आठ महिने वापरल्यावर

मागच्या रविवारी टेबलावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला आणि ३०-०६ या रायफलच्या काडतुसाच्या २० झाडलेल्या पुंगळ्या साइझ केल्या, म्हणजे दाबून पुन्हा मापाला आणल्या. पाणी थरथरलं, पण थेंबही सांडला नाही. याच गॅरेजमध्ये, याच प्रेसवर, आधीच्या टेबलाचे पुढचे पाय दांडा वर नेताना जमिनीवरून सुटायचे. म्हणून हे सविस्तर लिहितोय. रीलोडिंग म्हणजे झाडलेल्या पुंगळ्या पुन्हा भरणं; प्रेस दांड्याच्या जोरावर पुंगळी डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबतो. माझा प्रेस आरसीबीएस कंपनीचा रॉक चकर आहे, सिंगल स्टेज, म्हणजे एका वेळी एकच काम करणारा, आणि त्याच्याबद्दल माझी एकही तक्रार नाही. बोलायचंय ते त्याच्या खालच्या लाकडाबद्दल.

पहिलं टेबल दुकानातून सुटे भाग आणून जोडलेलं होतं. खोक्यावर हजार पौंड पेलतं असं छापलेलं, आणि ते खोटं नसेलही. पण ते वजन एका जागी बसून राहणारं. प्रेस टेबलाला पिळतो. वरची फळी पार्टिकल बोर्डची, म्हणजे दाबलेला भुसाच. दोन महिन्यांत पुढच्या बोल्टांखालचा भुसा दबून प्रेसचा तळ आत रुतला आणि मागच्या बोल्टांची भोकं लांबट झाली. परत द्यायला गेलो तर काउंटरवर उत्तर मिळालं, भोकं पाडलेला माल घेत नाही. प्रेस बसवायला भोकं पाडावीच लागतात, हे पाऊण तास सांगत होतो. पैसे गेले ते गेलेच. पुंगळ्या पुन्हा भरून चार पैसे वाचवावेत म्हणून मी या छंदात उतरलो, त्यामुळे तो राग अजून उतरलेला नाही.

दुसरं टेबल हातानं केलं. पाय फोर बाय फोर लाकडाचे, चौकट टू बाय फोरची. टू बाय फोर मोजलं तर दीड बाय साडेतीन इंच भरतं, कापण्याआधी हे धरा. वर पाऊण इंची प्लायवूडचे दोन थर, मध्ये गोंद, खालून स्क्रू. त्यावर पाव इंची हार्डबोर्ड नुसता टेकवलेला, मळला की बदलायचा. पृष्ठभाग गुळगुळीत असल्यानं सांडलेली बंदुकीची दारू ब्रशनं पटकन गोळा होते. व्हॅक्युम क्लीनर त्या दारूवर कधीही लावू नका. प्रेस पायाच्या लगत घेतला, आरपार बोल्ट आणि खाली रुंद वॉशर घालून. पुढची कडा चौकटीबाहेर ३ इंच काढली, नाहीतर प्रेसचा खालचा सांधा चौकटीला अडतो आणि नट आवळायला हातही जात नाही.

पहिले तीन आठवडे मी खूश होतो. मग डुगडुग परत आली. थोडीशीच, पण मला तिच्याशिवाय दुसरं काही दिसेना. खालच्या फळीवर वाळूची दोन पोती टाकली, बोल्ट पुन्हा आवळले. पुंगळ्यांच्या खांद्याचं, म्हणजे मानेखालच्या उताराचं, माप त्याच सुमारास कमीजास्त यायला लागलं, २-३ हजारांश इंच. मी सगळा दोष टेबलाला दिला, मित्रांनाही तसंच सांगितलं.

ते मी आज मागे घेतो. डाय आणि पुंगळी वर नेणारा दट्ट्या, म्हणजे रॅम, एकाच ओतीव चौकटीत आहेत, पुंगळी दाबण्याचा जोर त्या चौकटीतच जिरतो. टेबलापर्यंत पोचतो तो फक्त दांड्याचा पीळ. फरक पडत होता वंगणाचा: काही पुंगळ्यांना भरपूर, काही जवळजवळ कोरड्या. सगळ्यांना सारखं लावल्यावर माप जागेवर आलं.

मग डुगडुगीनं बिघडतं काय? हाताला लागणारा अंदाज. प्रायमर, म्हणजे पुंगळीच्या बुडात बसणारी ठिणगीची टोपी, तळाला टेकल्याची जी बारीक खूण दांड्यातून हाताला कळायला हवी, ती हलत्या टेबलावर कळत नाही. शिवाय दारू भरलेल्या ५० पुंगळ्या शेजारी ठोकळ्यात उभ्या असताना टेबलाला झटके बसणं मला चालत नाही.

उन्हाळ्यात बाबा सांगलीहून पेनसिल्व्हेनियाला आमच्याकडे आले. त्यांचा उभा जन्म किर्लोस्करवाडीला फिटर म्हणून गेला. त्यांनी दांडा एकदा खाली ओढला, एकदा वर नेला आणि म्हणाले, ‘‘अरे, दाबताना नाही हलत. उचलताना बघ.’’ बरोबर होतं. पुंगळी डायमधून बाहेर येताना आतला एक्स्पांडर, म्हणजे मान रुंद करणारा गोळा, तिच्या मानेतून ओढला जातो, तिथे दांडा वर नेताना जोर लागतो आणि टेबलाची पुढची बाजू उचलते. ‘‘मशीन आवळल्याशिवाय चालू करतात का कधी?’’ एवढंच वर बोलले आणि कामाला लागले. गॅरेजच्या फरशीला दाराकडे उतार असतो, म्हणून आधी एका पायाखाली ओकची पाचर. मग टेबलाच्या मागच्या कडेला टू बाय फोर लावून तो भिंतीतल्या तीन उभ्या लाकडांत लॅग स्क्रूनं, म्हणजे लाकडाच्या जाड स्क्रूनं, आवळला. आमच्याकडे ती लाकडं १६ इंचांवर आहेत. नुसत्या ड्रायवॉलमध्ये, म्हणजे भिंतीवरच्या जिप्समच्या पातळ पाटीत, स्क्रू मारला तर तो पहिल्याच दिवशी निघेल. खर्च दहा डॉलरच्या आत. हे आधी केलं असतं तर वाळूही लागली नसती आणि प्लायवूडचा दुसरा थरही कदाचित वाचला असता. दारू तोलायचा काटा मात्र भिंतीवरच्या वेगळ्या फळीवर नेला, टेबलाशी त्याचा संबंधच ठेवला नाही.

९ मिलिमीटर पिस्तुलाच्या पुंगळ्या कार्बाइड या कठीण धातूच्या डायमधून काढणाऱ्यांना एवढं सगळं लागणार नाही, त्याला जोर फार कमी पुरतो. मोठ्या रायफलच्या पुंगळ्या असतील तर भिंत सोडू नका.

उंची माझी चुकली आहे. ३४ इंच ठेवली, मी उभ्यानं काम करतो, शंभराव्या पुंगळीला कंबर बोलते. ३८ हवी होती. आता उंची वाढवायची तर भिंतीतले तिन्ही स्क्रू काढून नवी भोकं घ्यावी लागतील. बाबा दिवाळीनंतर पुन्हा येतायत, तोवर ते टेबल मी हलवणार नाही.