ग्रॅव्हल सायकलवरून बंधारा, गुऱ्हाळ आणि धरण : करवीरातील दोन दिवसांच्या सहलीचा अनुभव

कोल्हापुरातील एका सायकल दुकानाने यंदाच्या हंगामात ग्रॅव्हल सायकलींवरील, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीच्या सायकलींवरील, दोन दिवसांच्या सहली सुरू केल्या आहेत. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी अशा एका सहलीत सहभागी झालो. सायकल, हेल्मेट, वाटाड्या आणि दोन वेळचे जेवण धरून माणशी साडेचार हजार रुपये आकारले जातात. जिल्ह्यात पन्हाळा, जोतिबा अशा चढांच्या वाटा सायकलस्वारांना नव्या नाहीत, पण या सहलीची आखणी वेगळी आहे. पाणी अडवणारे बंधारे, त्या पाण्यावर पिकणारा ऊस आणि त्या उसावर उभे राहिलेले उद्योग यांना पाणंदींनी, म्हणजे शेतांमधल्या वाटांनी, आणि नदीकाठच्या कच्च्या रस्त्यांनी जोडणारा हा मार्ग आहे. त्यातला पहिला दिवस मला इतका आवडला की दुसऱ्या दिवसाबद्दलची माझी तक्रार त्यामुळेच अधिक तीव्र झाली असावी.

सुरुवात सकाळी साडेसहाला शाहू मिलच्या दारातून होते. १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांनी पाया घातलेली ही कापड गिरणी आता बंद आहे, त्यामुळे तिचे दगडी बांधकाम आणि धुरांडे बाहेरूनच पाहावे लागते. माझे आजोबा याच मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते आणि घरातली घड्याळे भोंग्यावर लावली जात, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. वाटाड्याने येथे दहा मिनिटांत आटोपशीर माहिती दिली. ती बिनचूक होती आणि त्याने ऐकीव गोष्टींची भर घातली नाही, हे मला विशेष भावले.

तेथून कसबा बावड्यातून राजाराम बंधाऱ्यावर उतरलो. पावसाळ्यात सारा जिल्हा ज्या आकड्यांकडे डोळे लावून बसतो ती पंचगंगेची पातळी येथेच मोजली जाते : ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. डिसेंबरात मात्र नदी शांत असते आणि बंधाऱ्याची रचना नीट न्याहाळता येते. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणून महाराष्ट्रभर पसरलेल्या रचनेचे मर्म पुढच्या एका लहान बंधाऱ्यावर वाटाड्याने प्रत्यक्ष दाखवले. दगडी खांबांना उभ्या खाचा असतात. पावसाळा सरला की त्या खाचांत आडव्या फळ्या, म्हणजे बरगे, एकावर एक बसवून पाणी अडवतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी ते सगळे काढून घेतात, म्हणजे पुराला आणि पुराबरोबर येणाऱ्या गाळाला वाट मोकळी राहते. बरग्यांच्या फटीतून बोटभर धारा गळत होत्या आणि खांबाच्या खाचेत हात घातला तर दगडाची कड वर्षानुवर्षांच्या घासण्याने गुळगुळीत झालेली लागत होती.

वडणग्यापासून प्रयाग चिखलीपर्यंतचा टप्पा हा या सहलीचा खरा सायकलमार्ग आहे. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस, मध्ये ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, कुठे मुरूम तर कुठे वाळून टणक झालेली काळी माती, अशा पाणंदीत साध्या रोड सायकलचा टिकाव लागत नाही आणि माउंटन सायकल नाहक जड वाटते. चाळीस मिलिमीटर रुंदीचे ट्यूबलेस टायर आणि खाली वळलेले हँडल असलेली ग्रॅव्हल सायकल येथे नेमकी शोभते. दुकानाने टायरमध्ये हवा मात्र गच्च भरून दिली होती. पहिल्या पाच किलोमीटरमध्येच माझ्या तळव्यांना मुंग्या आल्या, तेव्हा वाटाड्याने दोन्ही चाकांतील हवा बरीच कमी केली आणि सायकल एकदम जमिनीला धरून चालू लागली. हे काम दुकानातच, स्वाराच्या वजनाप्रमाणे व्हायला हवे.

चिखलीच्या संगमानंतर ज्या गुऱ्हाळावर नेतात, त्या एका थांब्यासाठीसुद्धा मी ही सहल पुन्हा करीन. आम्ही पोहोचलो तेव्हा काहिलीतला, म्हणजे मोठ्या पसरट कढईतला, रस उकळीला आला होता, भेंडीच्या खोडाचा चिकट पाक त्यात पडला होता आणि वर जमणारी मळी एक जण सतत काढत होता. चुलवाणात वाळलेली चिपाडे सारणारा माणूस आगीकडे बघतही नव्हता. गुळव्याने, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराने, हाक दिली की तो जाळ वाढवी किंवा थांबवी. गुळव्याकडे कोणतेही मापक यंत्र नव्हते. त्याने घट्ट होत आलेल्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकला, दोन बोटांत त्याची गोळी वळली आणि ती काठावर आपटून आवाज ऐकला. ‘अजून थोडं,’ एवढेच म्हणून त्याने दुसरा थेंब घेतला आणि त्यानंतर काही क्षणांतच आदण, म्हणजे काहिलीतला तो घाणा, उतरले आणि काहील गूळ निवण्याच्या वाफ्यात रिकामी झाली. हा गूळ पूर्वी ज्या बाजाराकडे जाई, त्या शाहूपुरी पेठेची स्थापना १८९५ ची आणि मिरज–कोल्हापूर रेल्वे १८९१ ची. ही सालसंगती वाटाड्याने तेथे, गरम काकवीची वाटी हातात असताना सांगितली आणि रेल्वे, पेठ व गुऱ्हाळ यांचे नाते समजायला त्याहून चांगली जागा सापडली नसती. तक्रार एकच : अशा ठिकाणी वीस मिनिटे फारच थोडी आहेत. एक आदण सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू द्यावे.

पुढे कुडित्र्याचा कुंभी-कासारी साखर कारखाना बाहेरून दिसतो. उसाच्या ट्रॉल्यांची रांग असल्याने तेथे सायकल जपून चालवावी लागते. बालिंग्याचा जुना पूल ओलांडून दुपारी शहरात परतलो. एकूण अंतर सुमारे चाळीस किलोमीटर होते आणि नियमित सायकल चालवणाऱ्या कोणालाही ते झेपेल.

दुसरा दिवस राधानगरीचा. सायकली गाडीत घालून परिते गावापर्यंत नेतात आणि तेथून बराचसा प्रवास डांबरी रस्त्याने, वाहनांच्या सोबतीने होतो. ग्रॅव्हल सायकलीचे भाडे घेऊन डांबरावर फिरवणे मला योग्य वाटले नाही. धरण पाहण्याजोगे आहे यात शंका नाही. शाहू महाराजांनी हाती घेतलेले भोगावतीवरील हे काम स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. पाणी ठरावीक पातळीला पोहोचताच त्याचे सात दरवाजे आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, पाणी सुटते, हा आकडा पावसाळ्यात कोल्हापूरकरांना तोंडपाठ होतो. पण डिसेंबरात दरवाजे बंद असतात आणि ते लांबूनच पाहावे लागतात, त्यामुळे एवढ्या प्रवासाच्या मानाने हाती कमी लागते. परतीच्या वाटेवर माझ्या मागच्या चाकात बाभळीचा काटा घुसला. टायरमधल्या सीलंटने, म्हणजे भोक बुजवणाऱ्या द्रवाने, ते बुजले नाही आणि सोबतच्या गाडीत योग्य व्हॉल्व्हची ट्यूबच नव्हती. पाऊण तास थांबावे लागले. उसाच्या मुलखात काट्यांची वाट असणार हे गृहीत धरून दोन ट्यूब ठेवणे दुकानाला मुळीच अवघड नाही.

मला सर्वाधिक खटकले ते लोखंडाचे वगळणे. नदीवरून पाणी उपसणारी ऑइल इंजिने आणि ऊस गाळणारे चरक यांच्या दुरुस्तीतून कोल्हापूरचा कारागीर ओतकामाकडे वळला आणि आज शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथे फाउंड्र्या उभ्या आहेत. पाणी, ऊस, गूळ असा धागा पहिल्या दिवशी इतका सुरेख गुंफल्यावर चरकाचा लाटा, म्हणजे ऊस दाबणारा रूळ, ओतणारी भट्टी मार्गात नसणे ही मोठी उणीव आहे. राधानगरीऐवजी दुसऱ्या दिवशी एखाद्या फाउंड्रीची परवानगी काढून शहराच्या पूर्वेकडची फेरी ठेवली, तर गाडीचा खर्चही वाचेल. मी हे दुकानदारांना सांगितले आणि त्यांनी शांतपणे ऐकून वहीत लिहून घेतले.

तूर्त माझा सल्ला असा की फक्त पहिल्या दिवसाची नोंदणी करावी. ती पंचवीसशे रुपयांत स्वतंत्रपणे मिळते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ निवडावा, कारण तेव्हा बंधाऱ्यांना बरगे असतात, गुऱ्हाळे पेटलेली असतात आणि पाणंदी कोरड्या असतात. निघण्यापूर्वी टायरमधील हवा स्वतः तपासावी आणि गुऱ्हाळावर जास्त वेळ हवा असल्याचे आदल्या दिवशीच वाटाड्याला सांगून ठेवावे.