वर्गणी चाळीस डॉलर, पत्ता चर्चचं तळघर

संस्थेचं नाव लिहीत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत आणि माणसं मात्र फार चांगली आहेत. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे कागद जपणारी न्यू जर्सीतली ही छोटीशी मंडळी. वर्षाची वर्गणी ४० डॉलर. महिन्यातला एक शनिवार, सकाळी दहा ते एक.

मला हवा होता लॅकवॉना कटऑफ, लॅकवॉना रेल्वे कंपनीचा बंद पडलेला एक मार्ग. आम्ही पार्सिपनीचे. इंटरस्टेट ८० वरून पोकोनोजच्या डोंगरांत जाताना डेलावेअर वॉटर गॅप या खिंडीच्या थोडं आधी डोक्यावरून काँक्रीटच्या कमानींचा पूल जातो. दरवेळी मी नवऱ्याला गाडी हळू घ्यायला लावते आणि मागचा हॉर्न वाजवतो. हा पूल त्याच मार्गावरचा. साडेअठ्ठावीस मैलांचा मार्ग, १९०८ ते १९११ मध्ये बांधलेला, आणि रस्त्याशी एकही फाटक नाही! त्यावरचाच दुसरा, पॉलिन्सकिल नदीवरचा पूल ११०० फूट लांब, ११५ फूट उंच. पेक्वेस्टचा भराव तर तीन मैलांहून लांब. १९६० साली कंपनी ईरी या दुसऱ्या रेल्वे कंपनीत विलीन झाली, १९७६ मध्ये सगळं सरकारने उभ्या केलेल्या कॉनरेल कंपनीकडे गेलं, १९८४ मध्ये रूळ उखडले. अँडोव्हरपर्यंतचा तुकडा एनजे ट्रान्झिटने, म्हणजे राज्याच्या वाहतूक संस्थेने, पुन्हा बांधायला घेतलाय. बाकी झाडी.

एवढं कुठेही वाचायला मिळतं. मला ग्रीनडेल स्टेशनच्या आवारात कुठले रूळ कुठे होते ते बघायचं होतं. ईमेल केला, उत्तर नाही. दुसरा केला, तरी नाही. शेवटी चेक पोस्टाने पाठवला (हो, ऑनलाइन पैसे घेत नाहीत) आणि सात आठवड्यांनी सभासदाचं कार्ड आलं. त्यांच्या त्रैमासिकाचा आता वर्षाला एकच अंक निघतो. सूची १९९१ पर्यंतची, पुढचं स्वतः चाळा.

आणि मग तळघरात गेले. लोखंडी कपाटं, ओलसर वास, सहा माणसं, त्यांत सत्तरीच्या आतली मी एकटीच. ऐंशी पार केलेल्या एका आजोबांना मी ‘ग्रीनडेल’ एवढंच म्हटलं. कुठलीही यादी न बघता ते तिसऱ्या कपाटाकडे गेले आणि खालच्या खणातून गुंडाळी काढली. व्हॅल्युएशन मॅप! १९१३ च्या कायद्याने सरकारने प्रत्येक रेल्वे कंपनीच्या मालमत्तेची मोजदाद करायला घेतली, तेव्हाचे हे नकाशे. सायडिंग म्हणजे बाजूचे रूळ, मोऱ्या, जमीन कोणाकडून घेतली, सगळं त्यात. दर शंभर फुटांवर खूण. पुण्यात कॉलेजात आम्ही ज्याला चेनेज म्हणायचो तेच. मला गहिवरून आलं, आणि नवरा म्हणाला की नकाशा बघून रडणारी तू पहिलीच.

अडचण अशी की ती यादी फक्त आजोबांच्या डोक्यात आहे. कोपऱ्यात बावीस खोकी होती. दुसरी एक संस्था बंद पडली तेव्हा आलेली, अजून न उघडलेली. उघडणार कोण? एका दिवंगत सभासदाच्या स्लाइड्स मुलांनी एकेक करून ऑनलाइन विकल्या. कुठल्या फेरीत कुठला फोटो ते लिहिलेली वही कचऱ्यात गेली. नव्या मुलांना फोटो मोबाइलवर फुकट मिळतात, मग ४० डॉलर कशाला, हा आजोबांचाच सवाल.

त्रैमासिकाला दोन तारे, पत्रव्यवहाराला एक, तळघराला पाच. मी वर्गणी पुन्हा भरली आहे, शिवाय दोन शनिवार खोकी उघडायला द्यायचे ठरवलेत. पहिल्या खोक्यात १९३८ ची, रेल्वे कामगारांसाठी छापलेली गाड्यांची वेळापत्रकं निघाली, रबरबँड वितळून चिकटलेली.

जाणार असाल तर पेन नेऊ नका, पेन्सिलच चालते. स्वेटर न्या. गाडी मागच्या बाजूला लावा, पुढे अकराला लग्नाची मंडळी येतात.